शेतावर लेखक ठेवायचे तर आधी वहिनींना विचारा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. भोर तालुक्यात पाच एकर रान, पावसाळ्यात भात, मागून हरभरा आणि घरापुरती भाजी. शेती थोरले भाऊ बघतात, तुम्ही पुण्यात नोकरी करता आणि लिहिता. रानात दोन खोल्या बांधून लेखकांना महिनाभर राहायला बोलवायचं, त्यांनी रोज सकाळी दोन तास शेतात काम करायचं, त्याबदल्यात राहणं-जेवण फुकट, असा तुमचा बेत आहे. हे चालेल का, खोल्या कशा असाव्यात, परवानग्या कोणत्या लागतात, पैसे घ्यावेत का, हे तुम्ही विचारलंय. आणि मधेच एक छोटं वाक्य टाकून पुढे गेलात, ‘जेवणाचं वहिनी बघतील.’

मी तिथूनच सुरू करते, कारण आमची गाडी तिथेच रुतली होती.

आमची शेती पुरंदर तालुक्यात, अंजीर आणि सीताफळाची. रान दीर बघतात. मी शाळेत मराठी शिकवायचे. नोकरी सुटायच्या थोडं आधी, म्हणजे अकरा वर्षांपूर्वी, गोठ्यामागच्या तीन खोल्या साफ करून लेखकांना राहायला बोलवायला लागले. शहरातले लोक त्याला रेसिडेन्सी म्हणतात. आमच्या वाडीत त्यांना ‘लिवणारे’ म्हणतात, ‘यंदा लिवणारे किती आलेत?’ पहिली दोन वर्षं स्वयंपाक जाऊबाईंकडे होता. कुणी तसं ठरवलं नव्हतं, तो आपोआप त्यांच्याकडे गेला. मी अर्ज वाचायचे, पत्रं लिहायचे, संध्याकाळी लेखकांशी गप्पा मारायचे. जाऊबाई पहाटे धारा काढायच्या, कामाला आलेल्या बायांचा चहा करायच्या आणि मग लिवणाऱ्यांचं. एकाला कांदा-लसूण चालत नाही, एकीला साखर, एक उठतो अकराला आणि त्याला तेव्हा गरम पोहे लागतात. तीन माणसांचे दिवसाचे चहाच धरा, बारा-तेरा कप होतात. दुसऱ्या वर्षी ऐन अंजिराच्या तोडीत त्या काही न बोलता आठ दिवस माहेरी निघून गेल्या. मी फोन केला तर शांतपणे म्हणाल्या, “मला पण रेसिडेन्सी पाहिजे.”

त्यानंतर सगळं बदललं. वाडीतल्या एका बाईंना महिन्याच्या पगारावर स्वयंपाकाला ठेवलं. लिवणाऱ्यांची चूल घरच्या चुलीपासून वेगळी केली. किराणा, दूध, अंडी, भाजी घरच्या रानातून गेली तरी तिचा हिशेब जाऊबाई वहीत लिहितात आणि पैसे त्यांच्या खात्यावर जातात. कोणत्या महिन्यात किती माणसं घ्यायची हेही त्याच सांगतात. त्या कुणाचा अर्ज वाचत नाहीत, पण “वैशाखात नको, भाचीचं लगीन आहे” म्हणाल्या की वैशाख बंद. तुमच्या वहिनींशी हे बोलणं झाल्याशिवाय एक वीटही आणू नका. आणि भावाला मध्ये घालून विचारू नका. स्वतः विचारा, पगाराचा आकडा घेऊनच जा.

अमेरिकेत न्यू हॅम्पशर राज्यात पीटरबरो गावाला मॅकडॉवेल नावाची जुनी रेसिडेन्सी आहे. तीही मुळात शेतच. संगीतकार एडवर्ड मॅकडॉवेल आणि त्यांच्या पियानोवादक पत्नी मेरियन यांनी ते १८९६ साली घेतलं. एडवर्ड झाडीतल्या लाकडी खोलीत बसून संगीत रचायचे आणि मेरियन दुपारच्या जेवणाची टोपली दार न वाजवता उंबऱ्यावर ठेवून यायच्या. १९०७ पासून तिथे इतर कलावंत राहायला लागले. पुढच्याच वर्षी एडवर्ड गेले. त्यानंतर कित्येक वर्षं मेरियन गावोगाव पियानोचे कार्यक्रम करून त्या जागेसाठी पैसे जमवत होत्या. टोपलीची प्रथा पुढेही चालू राहिली आणि जगभरच्या लेखकांना त्या टोपलीचं फार कौतुक. मला मात्र ती टोपली भरणाऱ्या हातांचं जास्त वाटतं. पद्धत चांगली आहे म्हणून आम्हीही उचलली. साडेबाराला डबा खोलीबाहेर खुंटीला अडकवायचा आणि हाक मारायची नाही. उंबऱ्यावर ठेवून बघितला होता, पण आमच्या कुत्र्यालाही साहित्याची आवड निघाली.

आता तुमच्या बेतातल्या दोन तासांच्या कामाबद्दल. ते काढून टाका. मीही पहिल्या वर्षी तीन तासांची अट घातली होती. श्रमाने लेखणीला जमिनीचा वास येईल वगैरे माझ्या डोक्यात होतं. अंजीर भल्या पहाटे तोडतात, ऊन चढायच्या आत. देठातून पांढरा चीक निघतो, तो हातावर, चेहऱ्यावर लागला की आग होते, नवख्याच्या हाताला तर फोड येतात. बाया तेल लावून तोडतात आणि कोणतं फळ आज, कोणतं उद्या हे त्यांना बोटांनी कळतं. आमच्या पहिल्या कादंबरीकाराने एका सकाळी दोन पाट्या कच्ची फळं उतरवली. अंजीर कच्चं उतरवलं की नीट पिकत नाही, त्यामुळे त्या पाट्या शेळ्यांपुढे गेल्या. दीर काही बोलले नाहीत, पण आठवडाभर माझ्याशीही बोलले नाहीत.

खरा प्रश्न त्यानंतर आला. मुकादमीण मला म्हणाली, “बाई, ह्या सायबांना हजेरी किती?” मी सांगितलं, हजेरी नाही, ते जेवणावर काम करतात. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मग उद्या आमाला पण जेवणावर या म्हणशीला.” ती हसत म्हणाली, पण ते हसण्यावारी नव्हतं. जिथे माणसं हजेरीवर पोट भरतात तिथे हौसेने फुकट काम करणारा माणूस आणून उभा केला की तो त्यांच्या दराला हात लावतो, त्याच्या मनात असो वा नसो.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे इर्जिक होतीच की, जेवणावरच माणसं राबायची. होती, आणि भोर-मुळशीकडे तिची आठवण आमच्यापेक्षा जास्त ताजी असेल. पण इर्जिकीत आज तुम्ही माझ्या रानात येता, उद्या मी तुमच्या रानात येतो. ही परतफेड ठरलेली असते आणि जेवण हा वरचा मान असतो. लेखक महिन्याने मुंबईला गेला की तुमची चिखलणी करायला परत येणार आहे का?

बंधन काढलं की लोक आपणहून रानात जातात, हा माझा अनुभव. एक नाटककार रोज दुपारी वाटाणा तोडणाऱ्या बायांच्या कडेला नुसता बसायचा. तोडायचा मूठभर, ऐकायचा पोतंभर. बायांनी त्याला चालवून घेतलं, कारण तो कुणाच्या वाटणीचं काम करत नव्हता. तुमच्याकडे भाताच्या लावणीला एखादी सकाळ ज्याला यायचंय त्याला येऊ द्या. वाकून मागे मागे सरकत रोपं लावताना तासाभरात कंबर बोलायला लागते. रोज उतरला तर आठवड्यात पायाच्या बोटांत चिखल्या होतात आणि मग तो लिहितही नाही, लावतही नाही. परसातली भाजी, शेळ्यांना पाला, असली चुकली तरी चालणारी कामं त्याच्यासाठी मोकळी ठेवा.

वेळापत्रक हा सगळ्यात किचकट भाग आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. बाहेरच्या देशांतल्या रेसिडेन्सींत पूर्णवेळ लिहिणारे किंवा शिष्यवृत्तीवर जगणारे लोक बरेच असतात. मराठीत लिहिणारा माणूस बहुधा शिक्षक, प्राध्यापक, बँकेत किंवा सरकारी कचेरीत असतो. आवृत्ती हजार प्रतींची, कधी पाचशेचीच. त्यावर घर चालत नाही, म्हणून नोकरी सुटत नाही. त्याला सलग सुट्टी मिळते ती दिवाळीत आणि मे महिन्यात. मे महिन्यात आमच्या विहिरीला तळ दिसतो, पत्र्याच्या खोलीत दुपारी बसवत नाही. दिवाळीत आमची सीताफळं संपत आलेली असतात आणि अंजिराचा खट्टा बहार, म्हणजे हिवाळ्यातलं पीक, सुरू व्हायचा असतो. तुमच्याकडे तर त्याच सुमाराला भातकापणी आणि मळणी, म्हणजे भाऊ-वहिनींना मान वर करायला वेळ नाही. म्हणजे लेखक मोकळा तेव्हा शेत मोकळं नसतं.

यावर आमचा तोडगा म्हणजे महिनाभराचा हट्ट सोडला. बहुतेकांना एकवीस दिवस देतो आणि नोकरी करणाऱ्यांना दहा-दहा दिवस दोनदा, एकदा नाताळच्या आसपास आणि एकदा श्रावणात. त्यातले पहिले तीन दिवस वाया जातातच, ते हिशेबात धरूनच ठेवा. माणूस येतो, झोपतो, फोनला रेंज शोधत टेकाडावर फिरतो, चौथ्या दिवशी टेबलाशी बसतो. एका वेळी तिघांच्या वर कधीच नाही. तुम्ही पहिल्या वर्षी एकच घ्या.

आता खोल्या. नवीन बांधू नका, निदान लगेच नाही. घरातली, गोठ्याजवळची, जुन्या पडवीतली जी असेल ती नीट करा. आटपाडीकडे माडगूळकरांच्या मळ्यातली पत्र्याची खोली लोकांनी ‘बामणाचा पत्रा’ म्हणून प्रसिद्ध केली आहे. गदिमा गावी आले की तिथे बसून लिहायचे. पत्र्याची खोली आणि भोवती मळा, एवढ्यावर त्यांचं भागत होतं. तुमच्या यादीत मी ‘काचेची भिंत, डोंगराकडे तोंड’ असं वाचलं. काचेची भिंत दुपारी भट्टी होते आणि डोंगर बघत बसलेला माणूस लिहीत नाही, हे मी अकरा वर्षं पाहतेय. टेबल हलता कामा नये, खुर्चीला पाठ हवी, दिवा डावीकडून हवा आणि संडास खोलीला लागून हवा. बाकी सगळं नंतर.

खोलीला लागून असलेल्या संडासाबद्दल मी एवढी हटून बसते त्याला कारण साप. पावसाळ्यात तुमच्या बाजूला गवत माणूसभर वाढतं. नाग, घोणस आणि फुरसं चावलं तर निदान कळतं. मण्यार रात्री हिंडते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि पुष्कळदा ना दुखतं ना सूज येते. म्हणून अंथरूण खाली घालायचं नाही. खाट आणि कडा खोचलेली मच्छरदाणी ही आमच्याकडे सक्तीची आहे. अंधारात पाऊल टाकायचं तर बूट आणि बॅटरी. या चारही सापांवर एकच लस चालते. ती तुमच्या जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात कायम असते हे आधी स्वतः जाऊन विचारून या आणि तो रस्ता रात्री एकदा गाडीने जाऊन बघा. आलेल्या प्रत्येकाला पहिल्या संध्याकाळी हे सांगावं लागतं. सुरुवातीला मी घाबरवायला नको म्हणून टाळायचे. आता चहाआधी सांगते.

फवारणीचंही तसंच. औषधाच्या डब्यावर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. लाल-पिवळ्याची फवारणी असेल तर आम्ही लिवणाऱ्यांना दोन दिवस त्या तुकड्याकडे फिरकू देत नाही आणि खिडक्या लावायला सांगतो. एका कवयित्रीने याच कारणावरून आम्हाला ‘विषारी शेती’ म्हणून सुनावलं होतं. तिचं अगदीच चूक नव्हतं. पण सीताफळावर पिठ्या ढेकूण ही कीड आली की दिरांची झोप उडते, तेही तिने रात्री बघितलं असतं तर बरं झालं असतं. तुम्ही सेंद्रिय करत नसाल तर जाहिरातीत तसं सुचवू नका. हिरवं चित्र लावून बोलावलेला माणूस पंपाचा आवाज ऐकला की फसवल्यासारखा वागतो.

आवाजाबद्दल स्वच्छ लिहा. शेतावर शांतता असते हा गैरसमज आहे. पहाटे कोंबडा, मग धारा, मग ट्रॅक्टर, मोटार, फवारणीचा पंप. सप्ताह बसला की सात दिवस भोंगा. आमच्याकडे आषाढवारीत माउलींची पालखी सासवडला दोन मुक्काम करते, तेव्हा आम्ही कुणालाच बोलावत नाही, घर पाहुण्यांनी भरलेलं असतं. मोटारीची थ्री फेज लाइट रात्रपाळीची आली की दीर बॅटरी घेऊन मध्यरात्री दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला निघतात आणि कुत्री त्यांच्यामागे भुंकत जातात. एका लेखिकेने तिसऱ्या रात्री वैतागून दार उघडलं आणि विचारलं, “हे रोज असंच चालणार का?” दीर म्हणाले, “नाही, पुढच्या आठवड्यात दिवसा.” तिच्या कथासंग्रहात नंतर रात्री पाणी देणारा माणूस आला आणि तो चांगला उतरला होता. पण तिच्या शेजारच्या खोलीतला माणूस पाचव्या दिवशी पुण्याला परत गेला, हेही सांगायला हवं.

यातून एका अवघड गोष्टीकडे येते. लेखक बघतो आणि लिहितो, तेच त्याचं काम. आमच्याकडे एकाने तीन आठवडे राहून पुढच्या वर्षीच्या एका दिवाळी अंकात कथा दिली. आमच्या सालगड्याच्या घरातला नवरा-बायकोचा तंटा, त्याचं कर्ज, बायकोचं निघून जाणं, सगळं जसंच्या तसं. नाव बदललं होतं, पण विहीर तीच, चिंच तीच. अंक कुणीतरी वाडीत आणला. सालगडी काही बोलला नाही, पाडव्याला हिशेब मागून दुसऱ्या गावी गेला. बारा वर्षं होता आमच्याकडे. कथा चांगली होती का, असं मला पुष्कळांनी विचारलंय. होती. तेव्हापासून येणाऱ्या प्रत्येकाला मी समोर बसवून सांगते की इथली माणसं ओळखू येतील असं काही छापायचं असेल तर आधी त्यांना वाचून दाखवायचं. कागदावर सही घेत नाही, कोर्टात कोण जाणार? पण तोंडावर सांगितलेलं बहुतेकजण पाळतात.

दुसरं, आडनाव. पाहुणा आला की वाडीत पहिला प्रश्न आडनावाचा येतो आणि त्यावरून पुढचं पाणी ठरतं. आमच्याकडे आलेल्या एका तरुण कवीला शेजारच्या वस्तीवर चहा वेगळ्या कपात मिळाला. त्याने मला सांगितलंही नाही, स्वयंपाकाच्या बाईंनी सांगितलं. मी जाऊन भांडले, संबंध तुटले, ते अजून तुटलेलेच आहेत. तुमच्या घरात आणि शेजारात हे काय आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा ठाऊक. भावाशी आधी बोलून ठेवा, कारण वेळ आली की तुम्ही पुण्यात असाल आणि निस्तरायचं त्यांना.

परवानग्यांचं फार अवघड नाही, पण आधी करा. शेतजमिनीवर शेतघर बांधायलाही परवानगी लागते, तलाठ्याकडून सुरुवात करून तहसीलला विचारा. २०२० साली राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलं, त्याखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. सातबारा कुणाच्या नावावर आहे त्याला महत्त्व येतं. तुमचा भावाबरोबर सामाईक असेल तर अर्जावर त्यांची सही हवी. बहिणी असतील तर त्यांचाही हक्क धरा. परदेशी लेखक आला तर चोवीस तासांत त्याची ऑनलाइन नोंद करायची असते, ती विसरू नका. आमच्याकडे पहिल्यांदा एक जर्मन अनुवादिका आली तेव्हा मला याचा पत्ताच नव्हता, पोलीस पाटलांनी आठवण केली.

पैशाचं तोंडावर सांगते, यातून शेतीला हातभार लागत नाही. शनिवार-रविवार हुरडा खायला येणारी कुटुंबं दोन दिवसांत जेवढं देऊन जातात तेवढं तीन लेखक महिन्यात देत नाहीत. आम्ही दोन जागा फुकट ठेवतो आणि एका जागेचे पूर्ण पैसे घेतो, ज्याला परवडतं त्याच्याकडून. उरलेलं माझ्या पेन्शनमधून जातं. तुमची पेन्शन लांब आहे, म्हणून वर्षातले दोनच महिने ठेवा आणि त्यासाठीची रक्कम आधी बाजूला काढा. शेतीच्या पैशाला हात लावायचा नाही.

निवडीसाठी दहा पानं मजकूर आणि एक पत्र मागवा. मोठं नाव बघू नका. पत्रात ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ असे शब्द आले की मी ते पान शेवटी ठेवते. ज्याने लिहिलं असेल की घरात स्वतःचं टेबल नाही, त्याला आधी बोलावते.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमची एक खोली रिकामी आहे, अंजिराची तोड तेव्हा सुरू झालेली असेल. तुमची कापणी तोवर उरकली असली तर दोन दिवस या, पण वहिनींना घेऊन या. तुम्ही एकटे आलात तर खोल्या आणि झाडं बघून जाल. त्या आल्या तर जाऊबाई त्यांना हिशेबाची वही दाखवतील.